भाऊंना पहिला नंबर मी दिला

मागच्या महिन्यात मुलीच्या कॉम्प्युटरवर काही शोधत होतो आणि भलत्याच पानावर जाऊन पोचलो. फ्रान्समधल्या कुठल्याशा पुढाऱ्याचा फोटो होता. त्याचं नाव मला धड उच्चारता येत नाही, तो कुठल्या पक्षाचा तेही ठाऊक नाही. फोटोखाली त्याचा लोकप्रियतेतला नंबर दिला होता, कितीतरी हजारावा, आणि त्याखाली दोन बाण. माणूस आवडत असेल तर वरचा दाबायचा, नसेल तर खालचा. मी खालचा दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबल्यावर पानाने सांगितलं की आजचं तुमचं मत नोंदवून झालं आहे.

त्या माणसाने माझं काही वाकडं केलेलं नाही. तो मला ओळखत नाही, मी त्याला. तरी बोटाला जी गोडी लागली ती माझ्या जुन्या ओळखीची होती. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, कोण आहे हा?" मी म्हणालो, "कोणी नाही." आणि पान बंद केलं. त्यानंतर तीन-चार दिवस मी घरात कोणाशी नीट बोललो नाही. तसा मी कमीच बोलतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नसावं.

आता पंचावन्न उलटली. सांगून टाकतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, जळगाव नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होते. काम सांगायला सोपं. हातात छातीएवढी उंच लोखंडी चावी घ्यायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, आत चावी लावून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि त्या भागाला पाणी सोडायचं. ठरलेल्या वेळाने जाऊन बंद करायचं. सायकलच्या दांडीला ती चावी बांधून ते फिरायचे. आमच्याकडे मेहरूणच्या बाजूला बायका त्यांना दुरून येताना पाहिलं की हंडे घासायला घ्यायच्या. माझ्या लहानपणी मला वाटायचं, गावातला सगळ्यात मोठा माणूस आपला बाप.

आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला सगळे भाऊ म्हणत. मूळचे साक्रीकडचे, बोलणं अस्सल अहिराणी, पण सभेत उभे राहिले की पुस्तकी मराठी. अंगाने धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. आबांपेक्षा दहा वर्षांनी तरी लहान, पण आबांना अरेतुरे करायचे. आबा त्यांना अहोजाहो करायचे. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही, त्या उन्हाळ्यापर्यंत.

मी बारावीची परीक्षा दिली होती. मे महिना. आमच्या भागाला सहा दिवस पाणी नाही. कारण मला माहीत होतं, कारण भाऊ आमच्या दारात येऊन आबांना सांगून गेले होते. गावच्या राजकारणाचे कर्तेकरविते म्हणजे नाना. भाऊ नानांच्या गटातले. नानांच्या भाचीचं लग्न होतं, आणि त्यांच्या कॉलनीकडे पाणी वळवायचं होतं. "चार दिवस इकडलं बंद ठेव रे. कोणी विचारलं तर पाइप फुटला म्हण." आबा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सहाव्या दिवशी बायका रिकामे हंडे घेऊन चौकात जमल्या. भाऊ आले. त्यांनी एकीकडे बायांना "माय, माय" करून शांत केलं आणि दुसरीकडे माणूस पाठवून आबांना बोलावून घेतलं. मी आबांच्या मागोमाग गेलो. भाऊ पानाच्या टपरीच्या ओट्यावर उभे होते.

"पाणी कोणी बंद केलं? सांग या बायांना."

आबांनी भाऊंकडे पाहिलं. मग म्हणाले, "चूक झाली."

"अशी नाही. कान धर."

आबांनी खांद्याला टेकवलेली चावी तशीच ठेवून कान धरायला हात वर नेले. चावी घसरली आणि डांबरी रस्त्यावर असा आवाज झाला की पुढच्या दोन बाया दचकून मागे सरल्या. आबा ती उचलायला वाकले.

"राहू दे ती. आधी कान."

आबांनी कान धरले. बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या हो भाऊ, घरदार असलेला माणूस शे." भाऊ म्हणाले, "अक्का, तुम्ही म्हणता म्हणून सोडतो." टाळ्या पडल्या. संध्याकाळी आबांनी जाऊन पाणी सोडलं.

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, "बंद करायला कोणी सांगितलं होतं?"

आबा म्हणाले, "नगराध्यक्ष सस्पेंडची ऑर्डर टाईप करायला लावत होते. भाऊंनी तिथल्या तिथे मिटवलं. नोकरी राहिली."

"पण सांगितलं कोणी होतं?"

"जेव."

आई ताटात वाढत राहिली. मी त्या दिवशी जेवलो, खोटं कशाला सांगू, भूक लागली होती. पण डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. आबांनी हे पचवलं असेल, मी पचवणार नाही.

कॉलेज अर्धवट सोडून मी एका साप्ताहिकाच्या कचेरीत लागलो. पुढे दोन खोल्या, मागे छापखाना. मालक आणि संपादक एकच. मी प्रुफं तपासायचो, पत्ते लिहायचो, चौकातल्या बातम्या आणायचो. बोलणं कमी आणि अक्षर चांगलं, म्हणून संपादकांचा माझ्यावर विश्वास बसला. त्या उन्हाळ्याला अशी सहा वर्षं झाली. भाऊंना मी या काळात शंभरदा भेटलो असेन. ते बातमी द्यायला यायचे, खांद्यावर हात टाकायचे. "काय रे पेपरवाला, तुझा बाप कसा आहे?" मी म्हणायचो, "बरे आहेत." चौकातली ती दुपार त्यांच्या लक्षातही नसावी, असं मला वाटायचं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

नव्वदच्या आसपास अंक खपेना म्हणून संपादकांनी एक युक्ती काढली. 'जनतेचा लाडका पुढारी'. दर अंकात एक कूपन. त्यावर पुढाऱ्याचं नाव लिहायचं, तो का आवडतो ते एका ओळीत लिहायचं, कूपन कापून पोस्टकार्डावर चिकटवायचं आणि पाठवायचं. सहा आठवडे. कचेरीबाहेर भिंतीवर एक मोठा फळा लावला. त्यावर खिळ्यांची रांग, आणि पेंटरकडून रंगवून घेतलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एका पुढाऱ्याचं नाव. दर गुरुवारी दुपारी पाचला मी स्टुलावर चढून पट्ट्या खालीवर करायचो. कार्डं मोजायचं काम माझंच.

पहिल्या गुरुवारी पंधरावीस लोक होते. तिसऱ्या गुरुवारी रस्ता अडला. लोक रसवंतीचे ग्लास हातात घेऊन उभे राहायचे. मी एखादी पट्टी काढली की खालून आवाज यायचे. "अरे, त्याला खाली घे, त्यानं गटार कुठं बांधली?" "वर घे वर घे, मामा शे मना!" ज्यांची पट्टी खाली जायची त्यांचे कार्यकर्ते दुसऱ्या दिवशी गठ्ठ्याने अंक विकत घ्यायचे. संपादक खूश. त्यांनी मला सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवली होती.

"हे बघ, नाना पहिले. त्यांच्या खाली कोणाला किती पळवायचं ते पळव. चुरस पाहिजे. पण नाना पहिले."

हे सांगायचीही गरज नव्हती. आमच्या गावात हे लहान पोरालाही समजायचं. नानांच्या गाडीपुढे कोणी गाडी काढत नसे. नाना सभेला येईपर्यंत कोणी खुर्चीवर टेकत नसे. ज्याला नानांनी मोठं केलं त्याने नानांपेक्षा मोठं दिसायचं नाही, आणि चुकून दिसलाच तर सगळ्यात आधी नानांच्या दारात जाऊन हार त्यांच्या गळ्यात घालायचा, पायावर डोकं ठेवायचं आणि म्हणायचं, हे तुमचंच. हे ज्याला उशिरा सुचलं तो संपला. अशी दोन माणसं आमच्या डोळ्यांदेखत संपली होती. पुढे नगरपालिकेची निवडणूक होती, आणि तिकिटं नानांच्या हातात.

तिसऱ्या आठवड्यात भाऊंची पट्टी चौथ्या खिळ्यावर होती. ती तिथे लावताना माझा हात थांबला. सहा वर्षं मी भाऊंना खाली कसं पाडायचं याचाच विचार करत आलो होतो. बातमी छापायची तर पुरावा नाही, मारायचं तर अंगात बळ नाही. स्टुलावर उभं असताना सुचलं की पाडायचं नाहीच. वर चढवायचं. नानांच्या वर. पुढचं काम नाना करतील.

त्या विचाराने मला किती आनंद झाला ते आज लिहितानाही आठवतं. स्टुलावरून उतरताना मी हसत होतो. रसवंतीवाला म्हणाला, "आज खुशीत दिसतो भो." मी त्याला म्हणालो, "हो."

न खपलेले अंक परत यायचे. ते मागच्या खोलीत पडलेले असायचे, रद्दीत जाईपर्यंत. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यातली कूपनं कापायचो. पेनं वेगवेगळी, शाई वेगवेगळी, काही कार्डं डाव्या हाताने लिहिलेली. सगळीकडे भाऊंचं नाव. रविवारी एस.टी.ने जाऊन ती वेगवेगळ्या गावांच्या पेट्यांत टाकायचो, म्हणजे शिक्के खरे पडतील. एरंडोल, पारोळा, एकदा थेट साक्री. साक्रीला माझी मावशी होती, आणि भाऊंचं गाव तिकडचंच, तिथून कार्डं येणं कोणालाच खटकलं नसतं. मावशी म्हणाली, "किती वर्षांनी आलास रे." मी तिच्याकडे भाकरी खाल्ली आणि तिच्याच गल्लीतल्या पेटीत पिशवी रिकामी केली.

अवघड होती ती एका ओळीची जागा. का आवडतात? ज्याचा मी इतका द्वेष करत होतो त्याच्या कौतुकाची शेकडो वाक्यं मला जमवावी लागली. 'आमच्या गल्लीत दिवा आणला.' 'अडल्यानडल्याला धावतात.' 'माझ्या सुनेला स्वतःच्या जीपमधून सिव्हिलमध्ये पोचवलं.' हे जीपचं मी मनाने रचलं होतं. पुढच्याच आठवड्यात एक खरं कार्ड आलं. वेडंवाकडं अक्षर, आणि त्यावर जवळपास तेच. बाळंतपणाला अडलेली सून, जीप, पहाट. मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि गठ्ठ्यात टाकलं. एवढ्यानेही मला थांबावंसं वाटलं नाही. माझं खोटं खऱ्यासारखं वठलं याचा उलट अभिमान वाटला.

पाचव्या गुरुवारी भाऊ दुसऱ्या खिळ्यावर आले. खाली त्यांचे कार्यकर्ते ओरडले. संपादक माझ्या कानात म्हणाले, "बास. आता इथेच." नंतर ते पुतणीच्या लग्नासाठी आठ दिवस राजस्थानात गेले. जाताना शेवटचा गुरुवार माझ्या हाती सोपवून गेले.

त्या शेवटच्या आठवड्यात टपालात आबांचं कार्ड आलं.

अक्षर ओळखायला मला क्षणही लागला नाही. त्याच अक्षरात ते व्हॉल्व्हच्या वेळा वहीत लिहायचे, अक्षरांच्या डोक्यावर रेघ न ओढता. लाडका पुढारी, भाऊ. का आवडतात, तर 'वेळेला उभे राहिले.' खाली स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, आणि गरज नसताना हुद्दासुद्धा. मी ज्या घरात झोपत होतो त्याच घरात बसून त्यांनी हे लिहिलं होतं. मला दिलं असतं तर मी हातोहात नेलं असतं. पण त्यांनी पोस्टाने टाकलं होतं. मी काय म्हणेन ते त्यांना माहीत असणार.

मला रडू वगैरे आलं नाही. अंगाची आग झाली. त्या चौकात कान धरलेला माणूस सहा वर्षांनी कान धरायला लावणाऱ्याला लाडका म्हणत होता. मी ते कार्ड मोजलं नाही. शर्टाच्या खिशात टाकलं आणि पुढच्या कार्डांना हात घातला. जी शंभर जास्त लिहायची होती त्यांची दीडशे लिहिली.

गुरुवारी पाचला मी नानांची पट्टी पहिल्या खिळ्यावरून काढली. ती दुसऱ्या खिळ्यावर लावली, आणि भाऊंची पहिल्या. मग जो गलका झाला तो मी जन्मभर विसरणार नाही. गुलाल उडाला. भाऊंना लोकांनी खांद्यावर घेतलं. त्यांचा चेहरा मी वरून पाहत होतो. एवढा मोठा माणूस, पण तोंड लहान मुलासारखं झालं होतं. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

बँडवाले आले. भाऊ गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. गुलालाने माखलेला हात त्यांनी माझ्या दंडावर ठेवला आणि हळू विचारलं, "आधी नानांकडे जाऊ ना रे?"

म्हणजे त्यांना कळत होतं. आनंदाच्या भरातही कळत होतं. मी नुसतं "हो" म्हणालो असतो तरी माझा सहा आठवड्यांचा खटाटोप वाया गेला असता. हार नानांच्या गळ्यात पडला असता, नाना हसले असते, तिकीट जागेवर राहिलं असतं.

मी म्हणालो, "भाऊ, वॉर्डात लोक केव्हाची वाट पाहताहेत. बाया ओवाळायला उभ्या आहेत. नाना काय, घरचेच."

"खरं म्हणतोस," भाऊ म्हणाले. "घरचेच."

मिरवणूक वॉर्डाकडे वळली. मी स्टूल आत ठेवलं, कुलूप लावलं आणि मिरवणुकीच्या मागे मागे गेलो. जिथे आबांची चावी पडली होती त्याच चौकात भाऊंना ओवाळलं. पेढे वाटले. दोन तास झाले तरी भाऊ तिथेच. दिवे लागल्यावर ते नानांकडे गेले, तेव्हा दारातल्या माणसाने सांगितलं, "नाना झोपले." नाना इतक्या लवकर कधी झोपत नसत.

दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा गेले, तर नाना पूजेत होते. तिसऱ्या दिवशी शेतावर गेलेले. आठवडाअखेर संपादक परत आले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "काय केलंस?" मी टपालाचे गठ्ठे त्यांच्यापुढे ठेवले. शिक्के, गावं, अक्षरं. त्यांनी चार कार्डं चाळली आणि गठ्ठा पुन्हा बांधून ठेवला. महिन्याने त्यांनीच मला धुळ्याच्या एका छापखान्याच्या मालकाला चिठ्ठी लिहून दिली. "तिकडे बरं राहील तुला." मी धुळ्याला आलो.

तिकिटांच्या यादीत भाऊंचं नाव नव्हतं. पहिल्या नंबरचा पुढारी, म्हणून लोकांनी त्यांना चढवलं आणि भाऊ अपक्ष उभे राहिले. जेवढ्या लोकांनी कार्डं टाकली तेवढ्यांनी मतं दिली तरी निवडून येतो, असं ते सभेत सांगायचे. तेवढी मतं पडली नाहीत. ती पडणार नव्हती, कारण त्यातली बहुतेक माणसं मी मागच्या खोलीत बसून जन्माला घातली होती. निकालाची बातमी मी धुळ्यात वाचली. टाइप जुळवणारा कंपोझिटर म्हणाला, "तुमच्या जळगावचा मोठा माणूस पडला म्हणे." मी त्याला भजी खायला घेऊन गेलो. त्या दिवशी मी खूप आनंदात होतो, हे लपवून आता काही उपयोग नाही.

भाऊंनी नंतर जळगाव सोडलं. बायकोचं माहेर सोनगीरचं, हायवेला लागून सासरच्या लोकांची जागा होती. तिथे त्यांनी हॉटेल टाकलं. धुळ्याहून शिरपूरला जाताना एस.टी. समोरूनच जायची. कितीदा मी खिडकीतून पाहिलं असेल. गल्ल्यावर भाऊ, आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला ती पट्टी. पत्र्याची, लाल अक्षरांची, फळ्यावरून काढून आणलेली. शेजारी आमच्या साप्ताहिकाने दिलेलं प्रमाणपत्र, काचेच्या फ्रेममध्ये.

पुढे काही वर्षांनी आबा गेले. भाऊ बातमी ऐकून सोनगीरहून आले. तिरडीला खांदा द्यायला पुढे झाले. मी माझी जागा सोडली नाही. शेवटी पलीकडच्या माणसाने त्यांना जागा दिली. स्मशानात ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मी पाठ फिरवली.

त्यानंतर साधारण वर्षभराने, एका दुपारी, मी सोनगीरला उतरलो. आपण काय करायला आलो आहोत, हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं ते असं की, पाप सांगून मोकळं व्हायचं. आज वेगळं सांगतो. तिकीट गेलं, गाव गेलं, तरी त्या माणसाकडे एक गोष्ट उरली होती. लोकांचं आपल्यावर प्रेम होतं आणि नाना जळले, एवढं समजून तो सुखात गल्ल्यावर बसला होता. मला ते बघवत नव्हतं. ती पट्टी मला खाली पाडायची होती.

"ये रे पेपरवाला!" भाऊ गल्ल्यावरूनच ओरडले. केस पांढरे, पोट सुटलेलं, आवाज तोच. बाकावर दोन ट्रकवाले बसले होते, त्यांना म्हणाले, "हाच तो. याच्याच हातानं मनी पट्टी वर लागनी व्हती. नानानं तोंड असं झालं व्हतं त्या दिवशी." ट्रकवाले हसले. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकलेली दिसली.

ट्रकवाले गेल्यावर मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. परत आलेले अंक, डावा हात, साक्रीची पेटी. नानांकडे आधी जाऊ का म्हणून तुम्ही विचारलंत आणि मी काय उत्तर दिलं, तेही. मी एका दमात बोललो. आयुष्यात इतकं सलग कधी बोललो नसेन.

भाऊंनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "काय सांगी राह्यना तू? बठ्ठा कार्डं खोटा?"

"बहुतेक."

"खरा कितला व्हतात?"

"शेवटच्या आठवड्यात एकतीस."

मला वाटलं होतं ते चिडतील, उठून अंगावर येतील. मी त्यासाठी तयार होतो, मला ते हवं होतं. ते उठले नाहीत. बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवत त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. कोपऱ्यावरचा सायकलवाला असेल. ज्या म्हातारीच्या सुनेला दवाखान्यात नेलं ती असेल, लिहिता येत नाही तिला, नातवाने लिहिलं असेल. शाळेचा शिपाई. बुद्धविहाराजवळची ती मास्तरीण, तिच्या गल्लीत नळ दिला होता. एकतीस माणसं ते एकेक करून शोधत होते, आणि प्रत्येक नावागणिक त्यांचा चेहरा थोडा उजळत होता. मी आलो होतो सगळं काढून घ्यायला, आणि हा माणूस माझ्या समोर बसून पुन्हा जमवत होता.

मग ते थांबले. अंगठा पेरावरच होता.

"तुना बापनं व्हतं का त्याम्हा?"

मी म्हणालो, "नाही."

भाऊंनी मान हलवली. "नसंच," ते म्हणाले. "तो कसा टाकी? मी त्याले चौकात कान धराले लावं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मनी चूक व्हती. पाणी मीच बंद करेल व्हतं. त्यानं मनं नाव नही सांगं. मले त्यानी माफी मांगानी व्हती, स्मशानम्हा तुले तेच सांगणार व्हतो."

म्हणजे त्यांच्या लक्षात होतं. इतकी वर्षं लक्षात होतं.

आत्ता सांगावं असं तेव्हा माझ्या मनात आलं का? आलं. "होतं भाऊ, आबांचं कार्ड होतं," एवढंच म्हणायचं. कार्ड धुळ्याला माझ्या ट्रंकेत होतं. मी तोंड उघडलं नाही. आत कुठेतरी गार वाटत होतं. अखेर नेमका घाव बसला होता, आणि तो मला मोडायचा नव्हता.

त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितला. मी तो प्यायलो. एस.टी. आली तेव्हा भाऊ म्हणाले, "सांभाळून जा." बसमध्ये बसल्यावर मागे पाहिलं. ते स्टुलावर चढत होते. वय झालं होतं, बायकोने खालून स्टूल धरलं होतं.

पुढच्या खेपेला भिंतीवर पट्टी नव्हती, खिळा होता. फ्रेमही नव्हती. काही महिन्यांनी गल्ल्यावर दुसराच माणूस दिसू लागला. भाऊ आजारी आहेत, असं कोणी म्हणालं. मी चौकशी केली नाही. नव्वदचं दशक सरायच्या आत ते गेले. मी गेलो नाही.

त्यांच्या घरचं कोणी हे वाचत असेल, तर त्यांच्यासाठी लिहितो. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. शाई फिकट झाली आहे, पण 'वेळेला उभे राहिले' एवढं स्वच्छ वाचता येतं. खरी कार्डं एकतीस नव्हती. बत्तीस होती.